पपईचे खत थैलीने नको, झाडागणिक ग्रॅमने मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पपईच्या खतांविषयी जे छापून येते त्यात बहुतेक वेळा एकच आकडा असतो. झाडाला वर्षाला २०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश, आणि तेही लागवडीनंतर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या महिन्यात चार सारख्या हप्त्यांत. आकडा चुकीचा नाही. पण तो तेवढाच छापला की शेतकरी दुकानातून एकरी अमुक थैल्या १०:२६:२६ (नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे अनुक्रमे टक्के असलेले मिश्रखत) आणतो, मजूर मुठीमुठीने आळ्यात टाकतात आणि खताचे काम उरकले असे समजले जाते. पुढे फळांवर गाठी येतात, खोडावरच्या फळांच्या माळेत खंड पडतो, फळ पाणचट निघते, आणि मग टॉनिकच्या बाटल्या सुरू होतात. नंदुरबार, धुळे, जळगाव या पट्ट्यात तैवान ७८६ सारख्या वाणांवर लाखोंचा खर्च होतो. त्यातला बराच पैसा चुकीच्या वेळी चुकीचे खत टाकण्यात जातो, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आकड्यांसह लिहीत आहोत.

मुळात पपईची तऱ्हा इतर फळझाडांहून वेगळी आहे. आंब्याला मोहर येतो, मग झाड विसावते. केळीला एक घड लागतो आणि संपते. पपई एकदा फुलायला लागली की थांबत नाही. शेंड्याला नवे पान, त्याच्या बेचक्यात नवी कळी, खाली फुललेले फूल, त्याखाली सुपारीएवढे फळ, आणखी खाली तोडणीला आलेला माल, हे सगळे एकाच खोडावर एकाच दिवशी चाललेले असते. ज्या आठवड्यात झाडाची उपासमार झाली त्या आठवड्याचे पान लहान निघते आणि त्या बेचक्यातले फूल गळते. ती जागा कायमची रिकामी राहते, कारण पपई जुन्या बेचक्यात पुन्हा फळ धरत नाही. म्हणून बागेत गेल्यावर खोड खालून वर वाचावे. माळ कुठे तुटली, पेरे कुठे आखूड झाले, खोड कुठे एकदम निमुळते झाले ते पाहावे आणि त्या वेळी बागेत काय चालले होते ते आठवावे. खताची चूक कोणत्या महिन्यात झाली ते तिथेच लिहिलेले असते.

या चालीच्या झाडाला दोन महिन्यांनी एकदा पोटभर आणि मध्ये उपाशी ठेवणे परवडत नाही. त्यात आपली काळी, चुनखडीची जमीन. वर टाकलेल्या युरियातले नत्र अशा विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत अमोनिया वायू होऊन उडते. जे उरते त्याचे नायट्रेट होते आणि पाटपाण्याच्या एका जोरदार पाळीत मुळांच्या खाली उतरते. महिनाभराने झाड पुन्हा मागते तेव्हा जमिनीत काही नसते.

आता प्रत्येक अन्नघटक किती लागतो त्याचा हिशेब. ब्राझीलमध्ये पपईच्या फळांचे पृथक्करण करून काढलेले आकडे सांगतात की एक टन ताज्या फळांबरोबर साधारण पावणेदोन किलो नत्र, सुमारे २०० ग्रॅम फॉस्फरस आणि दोन किलोहून थोडे जास्त पोटॅशियम शेताबाहेर जाते. खताच्या थैलीवर स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. त्या मापात हे साधारण ४६० ग्रॅम स्फुरद आणि अडीच किलो पालाश होते. एका झाडाला ४० किलो माल धरला तर फळांतून ७० ग्रॅम नत्र, १८ ग्रॅम स्फुरद आणि १०० ग्रॅम पालाश जाते. पाने, खोड आणि मुळांची वाढ वेगळी, जमिनीतली गळती वेगळी. तरीही स्फुरद पालाशाच्या पाचव्या हिश्शाएवढेही लागत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण मात्र दोन्ही सारखे टाकतो. लागवडीला १०:२६:२६, फुलोऱ्याला १०:२६:२६, वरून ठिबकने १२:६१:००. चुन्याच्या जमिनीत हे स्फुरद जागच्या जागी बसते आणि साठत जाते. साठलेल्या स्फुरदामुळे जस्त आणि लोह मुळांना मिळेनासे होते, मग त्यांच्या फवारण्या विकत घ्याव्या लागतात. शिवाय पपईच्या मुळांबरोबर राहून स्फुरद पुरवणारी मायकोरायझा बुरशी असते, तीही जास्त स्फुरदाने मागे पडते.

आमचा आग्रह असा की माती परीक्षणात स्फुरद मध्यम किंवा जास्त आले असेल तर २०० ग्रॅमचा हट्ट सोडावा. लागवडीच्या वेळी झाडामागे ५०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून बेडमध्ये, मुळी जिथे उतरणार तिथे द्यावे, आणि तिसऱ्या महिन्यात आणखी २५० ग्रॅम मातीआड करावे. सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद असते, म्हणजे १२० ग्रॅम झाले. सोबत ११ टक्के गंधक आणि भरपूर कॅल्शियम फुकट मिळते, जे डीएपीतून मिळत नाही. परीक्षणात स्फुरद खरोखर कमी असेल तरच सव्वा किलो सुपर, म्हणजे पूर्ण २०० ग्रॅम, आणि तेही तीन-चार हप्त्यांत. झाडामागे १० किलो चांगले कुजलेले शेणखत देत असाल तर त्यातही ५० ग्रॅमच्या आसपास नत्र असते. ते सगळे पहिल्याच वर्षी हाती लागत नाही, पण हिशेबात धरायला हवे. अर्धकच्चे शेणखत मात्र नकोच. ते आळ्यात तापते, हुमणी आणते आणि कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेते.

नत्राच्या बाबतीत दोन टोके सारखीच घातक आहेत, आणि दोन्हींचा परिणाम फुलावर दिसतो. तैवान ७८६ मध्ये नराची झाडे येत नाहीत. काही झाडे मादी असतात, त्यांची फळे गोलसर. बाकीची उभयलिंगी, त्यांची फळे लांबट, आणि बाजारात याच फळांना मान. उभयलिंगी फूल हवामानाप्रमाणे आणि पोषणाप्रमाणे रूप बदलते. कडक ऊन, पाण्याचा ताण आणि नत्राची कमतरता एकत्र आली की फुलातला बीजांडकोश वाढत नाही, फूल नराप्रमाणे वागते आणि गळून जाते. उलट थंडी, ओल जास्त आणि नत्र जास्त असे झाले की पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून वाढतात आणि फळ खोबणी पडलेले, वेडेवाकडे निघते. फुलाचे हे रूप उमलण्याच्या साधारण दीड-दोन महिने आधी, कळी अगदी बारीक असतानाच ठरते. फेब्रुवारी-मार्चच्या लागवडीत जूनमधली सुरुवातीची फुले गळतात आणि शेतकरी म्हणतो सेटिंग, म्हणजे फळधारणा, होत नाही. त्याचे मूळ एप्रिल-मेमधल्या तापलेल्या, उपाशी दिवसांत असते. जूनमध्ये संजीवके फवारून ते परत येत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत पाणी आणि नत्र तुटू देऊ नये, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी उतरल्यावर युरियाचा जादा डोस देऊन झाड पळवायला जाऊ नये.

जादा नत्राचे इतर तोटे बहुतेकांना ठाऊक आहेत. पेरे लांबतात, पहिले फळ कमरेपाशी लागायचे ते छातीपाशी लागते, पान लुसलुशीत होते, फळाचा गर मऊ पडतो आणि प्रवासात दबतो. पपेन या एन्झाइमसाठी कच्च्या फळाचा चीक काढणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. फळांसाठी २०० ग्रॅम नत्र पुरते, तर चिकाचे उत्पादन ३०० ग्रॅमपर्यंत वाढत जाते. फळांच्या बागेने चिकाच्या बागेची नक्कल करू नये.

पालाश हा पपईतला सर्वांत दुर्लक्षित घटक. काळ्या जमिनीत पालाश मुबलक असतो ही गोष्ट ज्वारी-कापसापुरती पुष्कळ अंशी खरी आहे. एका हंगामात एकराला तीस-चाळीस टन पाणीदार, गोड फळे देणाऱ्या पिकाला जमीन त्या वेगाने पालाश सोडू शकत नाही. कमतरता जुन्या पानांवर दिसते: कडा पिवळ्या पडून करपतात, फळ आकाराने लहान राहते, गराला गोडी आणि रंग दोन्ही कमी. सातव्या महिन्यात शेवटचा हप्ता देऊन खत बंद करणाऱ्यांना हा फटका जोराने बसतो. फेब्रुवारीच्या लागवडीचा सातवा महिना म्हणजे सप्टेंबर. तेव्हा तोडणी नुकती कुठे सुरू होत असते आणि वरची निम्मी माळ भरायची बाकी असते. त्या फळांना नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पालाश कोण देणार? खालची फळे दोन किलोची आणि वरची पाऊण किलोची निघतात त्यात थंडीचा वाटा आहेच, पण उपासाचाही आहे.

म्हणून ठिबक असलेल्या बागेसाठी झाडामागे आठवड्याचा हिशेब असा ठेवावा. रोप रुजल्यावर, साधारण पंधरा दिवसांनी, पहिला महिनाभर आठवड्याला ३ ग्रॅम १२:६१:०० आणि २ ते ३ ग्रॅम युरिया. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात आठवड्याला ११ ग्रॅम युरिया आणि ५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. पाचव्या ते सातव्या महिन्यात, म्हणजे फुले आणि फळे धरत असताना, १३ ग्रॅम युरिया आणि १२ ग्रॅम पोटॅश. आठव्या ते अकराव्या महिन्यात युरिया ९ ग्रॅमवर आणायचा आणि पोटॅश १३ ग्रॅमवर न्यायचा. युरियात ४६ टक्के नत्र आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश धरले तर वर्षाची बेरीज २०० ग्रॅम नत्र आणि २५० ग्रॅम पालाशाच्या आसपास येते. शिफारशीत आम्ही फार फरक केलेला नाही, फक्त तीच शिदोरी रोजच्या भुकेप्रमाणे वाटली आहे. विहिरीचे पाणी खारे असेल तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे. त्यात पालाश ५० टक्के असल्याने १३ ग्रॅमच्या जागी १६ ग्रॅम लागते. महाग पडते, पण क्लोराइडने पानांच्या कडा जळत नाहीत.

हजार झाडांच्या बागेत पाचव्या ते सातव्या महिन्यात आठवड्याला १३ किलो युरिया आणि १२ किलो पोटॅश लागते. ते दोनदा विभागून सोडावे. इथे एक चूक नेहमी होते. झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर असतील आणि खत घाईने अर्ध्या तासात सोडले तर झाडाला पाणी मिळते चारच लिटर. त्यात साडेबारा ग्रॅम खत, म्हणजे लिटरला तीन ग्रॅमच्या वर. पांढरी मुळी तिथेच भाजते आणि चार दिवसांनी खालची पाने पिवळी पडतात. शेतकरी त्याला खत कमी पडले समजून पुढच्या वेळी आणखी टाकतो. तेच खत तासाभरात सोडले तर तीव्रता निम्मी होते. आधी पंधरा-वीस मिनिटे नुसते पाणी, मग खत, शेवटी पुन्हा वीस मिनिटे नुसते पाणी, हा क्रम मोडू नये. शेवटचे पाणी दिले नाही तर लॅटरलमध्ये (ठिबकच्या नळीत) खत राहून ड्रीपर बुजतात.

कॅल्शियम नायट्रेट कधीही १२:६१:००, ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट किंवा सल्फेट ऑफ पोटॅश यांच्याबरोबर एका टाकीत घालू नये. स्फुरदाबरोबर कॅल्शियम फॉस्फेटचा आणि सल्फेटबरोबर जिप्समचा साका बसतो. विहिरीचे पाणीच चुन्याचे असेल तर एकट्या १२:६१:०० नेही असे होऊ शकते. शंका असली तर काचेच्या बरणीत त्याच विहिरीच्या पाण्यात त्याच प्रमाणात खत कालवून अर्धा तास ठेवावे. दुधाळ झाले किंवा तळाशी गाळ बसला तर ते मिश्रण ठिबकात घालायचे नाही.

ठिबक नसलेल्या बागेत हप्ते चारऐवजी निदान आठ करावेत. पहिल्या दोन महिन्यांत खोडापासून एक वीत, पुढे फुटभर आणि मोठ्या झाडाला दोन फुटांवर बांगडी पद्धतीने उथळ चर काढून खत मातीआड करावे. जमीन वाफशावर असावी आणि पाठोपाठ हलके पाणी द्यावे. खोडाला लागून खत टाकले तर बुंध्याची साल जळते आणि त्या जखमेतून बुंधाकूज शिरते. चर फार खोल काढला तर अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्याच तुटतात, त्या वरच्या फुटाभरातच असतात.

आता गाठींकडे. फळावर उंचवटे आले की आपल्याकडे दोनच निष्कर्ष निघतात, व्हायरस किंवा बियाणे बोगस. खरे कारण पुष्कळदा बोरॉनची कमतरता असते. हवाई बेटांवर १९७० च्या दशकात गाठाळ फळांचा संबंध बोरॉनशी जोडला गेला आणि त्याची लक्षणे तेव्हापासून नीट माहीत आहेत. कोवळ्या फळातून आपोआप चीक पाझरतो, कापल्यावर आतल्या शिरा तपकिरी दिसतात, बी पोचट असते, फुले गळतात, शेंड्याची पाने ठिसूळ होऊन पंज्यासारखी आत वळतात. चुनखडीच्या जमिनीत आणि जमीन कोरडी पडल्यावर हे वाढते, कारण बोरॉन पाण्याबरोबरच मुळापर्यंत येते. रिंगस्पॉट व्हायरसमध्ये फळावर गोल कडी दिसतात, देठावर तेलकट हिरवे ओरखडे उठतात, पानावर हिरवे-पिवळे चट्टे येतात आणि पुढे पानाची दोरी होते. थंडीत नत्र जास्त झाल्याने फळ वाकडे झाले असेल तर ते फक्त उभयलिंगी झाडांवर दिसेल, शेजारच्या मादी झाडाची गोल फळे गुळगुळीत असतील. गाठी दोन्ही प्रकारच्या झाडांवर असतील आणि चीक गळत असेल तर बोरॉनचा संशय धरावा. एवढे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

उपाय स्वस्त आहे आणि म्हणूनच बेतात ठेवायला हवा. लागवडीनंतर दोन आणि पाच महिन्यांनी झाडामागे ५ ग्रॅम बोरॅक्स, एकूण १० ग्रॅम, ओलसर जमिनीत आळ्यात पसरून द्यावे. बोरॅक्समध्ये बोरॉन साडेदहा टक्के असते, म्हणजे झाडाला जेमतेम एक ग्रॅम मिळाले. तेवढेच हवे. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे आहे, मूठभर टाकले तर पानांच्या कडा करपून गळतात. फवारणीसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस चौथ्या आणि आठव्या महिन्यात झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि बोरिक ॲसिड ०.१ टक्का अशी आहे, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम आणि १ ग्रॅम. पपईचे पान फवारणीला हळवे असते. आधी पाच-दहा झाडांवर संध्याकाळी फवारून तीन दिवस पाहावे, मग पूर्ण बाग.

व्हायरस लागलेल्या झाडाला कोणतेही खत बरे करत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीने चार दिवस पान हिरवे दिसते आणि तेवढ्या वेळात मावा रोग पुढच्या ओळीत नेतो. अशी झाडे सुरुवातीलाच उपटावीत. जवळपास काकडी-भोपळ्याचे वेल असतील तर ते काढावेत.

शेंड्याची पाने पिवळी पण शिरा हिरव्या, हे लोहाचे लक्षण. इथे चिलेटेड फेरस या नावाने काहीही विकले जाते. ईडीटीए प्रकारचे लोह सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की जमिनीत टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकते, आणि आपल्या आठ-साडेआठ सामूच्या जमिनीत ठिबकने द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचेच घ्यावे लागते. ईडीटीए फक्त फवारणीसाठी. पाकिटावरची ही अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या पानांवर असाच पिवळेपणा आला तर ते मॅग्नेशियमचे, आणि पालाश जास्त झालेल्या बागेत ते हमखास दिसते. मॅग्नेशियम सल्फेट झाडामागे २५ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढेच.

आणि पावसाळ्यात संततधार लागून बाग चिबडल्यावर जी सरसकट पिवळी पडते, तिला कोणतेही खत द्यायचे नसते. पपईच्या मुळांना हवा नसलेले दोन दिवसही सोसत नाहीत. तेव्हा युरिया टाकणे म्हणजे बंद पडलेल्या पोटात जेवण कोंबणे. चर काढून पाणी बाहेर काढावे, वाफसा आल्यावर बुंध्याला मातीची भर द्यावी, आणि नवी पांढरी मुळी दिसल्यावरच अर्ध्या मात्रेने खत सुरू करावे.

कॅल्शियमविषयी गैरसमज मोठा आहे. चुन्याच्या जमिनीत कॅल्शियम कमी कसे पडेल, असे विचारले जाते. जमिनीत ते असते, फळात पोचत नाही. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर चढते. पाने भरपूर पाणी उडवतात म्हणून त्यांना मिळते, फळ फार थोडे उडवते. फळ कोवळे असतानाच्या पहिल्या काही आठवड्यांत जे शिरले तेवढेच. त्या काळात पाणी कमी-जास्त झाले किंवा पोटॅशचा एकदम मोठा डोस बसला तर गरात कॅल्शियम कमी राहते. असे फळ पिकताना बाहेरून धड आणि आतून लिबलिबीत होते. तोडणीआधी पंधरा दिवस कॅल्शियमची फवारणी करून फारसे साधत नाही. फुले धरू लागल्यापासून दर दहा-बारा दिवसांनी झाडामागे ५ ते ६ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी ठिबकने द्यावे, त्यातले साडेपंधरा टक्के नत्र युरियातून वजा करावे, आणि पाण्याच्या पाळीत सारखेपणा ठेवावा.

राहिली गोडी. केळी किंवा आंब्यात पिष्ट साठते आणि पिकताना त्याची साखर होते, म्हणून कच्चे तोडले तरी अढीत गोड होतात. पपईत असे साठवलेले पिष्ट नसते. जी साखर येते ती फळ झाडावर असताना, शेवटच्या काही आठवड्यांत, पानांतून थेट येते. तोडल्यावर फळ मऊ होईल, रंगेल, गोड होणार नाही. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फळ भरत असताना झाडावर पंधराच्या वर निरोगी पाने टिकली पाहिजेत. नत्र तोडून, लाल कोळी वाढू देऊन किंवा हिरवी पाने छाटून पाने कमी केली तर कितीही पोटॅश दिले तरी साखर बनवायला जागाच नाही. दुसरी, सालीवर निदान एक पिवळी रेघ दिसल्याशिवाय तोडू नये. हवाईत प्रतवारीसाठी विद्राव्य घन पदार्थ (म्हणजे मुख्यतः रसातली साखर) किमान साडेअकरा टक्के लागतात. आपल्याकडे उत्तरेच्या लांब वाहतुकीसाठी पूर्ण हिरवी फळे तोडली जातात, कारण दर किलोवर ठरतो, गोडीवर नाही. वर्षभर पालाशावर केलेला खर्च त्या एका तोडणीत वाया जातो आणि ग्राहक म्हणतो पपई फिकी. यात खताचा दोष नसतो. व्यापारी आणि उत्पादक दर ठरवायला बसतात तेव्हा रेघ आलेल्या मालाचा वेगळा दर ठरला तर शेतकरीही थांबेल. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा एक थेंब टाकून गोडी तिथल्या तिथे मोजता येते, बाजार समितीला तो परवडणार नाही असे नाही.

शेवटी एक विनंती आपल्याला आणि एक माती परीक्षण केंद्रांना. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मॅंगनीज आणि बोरॉन असे बारा घटक असतात, पण मुक्त चुन्याचे प्रमाण नसते. पपईसाठी तोच आकडा आधी हवा, कारण स्फुरद, लोह, जस्त आणि बोरॉन या चौघांचे काय होणार ते त्यावर ठरते. बागायतदारांनी तो मागून घ्यावा आणि केंद्रांनी मागितल्यावर नाही म्हणू नये. लागवडीनंतर सहा महिन्यांनी शेंड्यापासून सहाव्या पानाचे देठ तपासून घेण्याची सोयही तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे. पान नव्हे, देठ. तपासणीसाठी पंचवीस-तीस झाडांचे देठ घ्यावेत, पात्याचा भाग काढून टाकावा, आणि उभयलिंगी झाडांचेच घ्यावेत.

आणि आपण कृषिपानावर पपईची खतमात्रा छापाल तेव्हा ती झाडामागे ग्रॅममध्ये, आठवड्याच्या हिशेबाने आणि झाडांच्या संख्येसह छापावी. सहा बाय सहा फुटांवर एकरात १२१० झाडे बसतात, आठ बाय सहावर ९०७. एकरी थैल्यांचा एकच आकडा वाचून दोघांनी खत टाकले तर एकाची बाग उपाशी राहते आणि दुसऱ्याची जळते.

कळावे,
आपले,
पपई बागायतदार व फळबाग पोषणाचे अभ्यासक,
शहादा-तळोदा परिसर, जि. नंदुरबार